नैशे हे आडनाव

शाळेत हजेरी घेताना माझ्या नावापाशी आलं की वर्गाला दर वेळी हसू फुटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यात वर्गाचा काही दोष नव्हता. बाई म्हणायच्या, "कमल नैशे." मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच ओरडायचं, "कमल नई शे, बाई!" आमच्या धुळ्याच्या बाजूला 'नई शे' म्हणजे नाही. डब्यात मीठ नई शे, नळाला पाणी नई शे, बाप घरी नई शे. म्हणजे मी समोर बसलेली, दोन वेण्या, लाल रिबिनी, हात वर केलेला, आणि अख्खा वर्ग सांगतोय की कमल नाही. एकदा पुण्याकडून नवीन आलेल्या बाईंनी ते खरंच धरलं. महिनाअखेरीस माझे नऊ दिवस खाडे निघाले आणि आईने मला उंबऱ्यातच धरून विचारलं, "नऊ दिवस कुठे उंडारत होतीस गं भवाने?" मी शपथा घेतल्या, रडले, पाटी आपटली. शेवटी वडील शाळेत गेले तेव्हा उलगडा झाला. घरी आल्यावर ते हसले नाहीत. हात-पाय धुऊन न जेवता झोपले.

आम्ही राहायचो धुळ्यात, नंबर दिलेल्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत. धुळ्याच्या माणसाला गल्लीचा नंबर कळला की तो पुढचं सगळं स्वतःच ठरवतो, म्हणून आमचा नंबर मी सांगत नाही. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे न्हाणीघर आणि त्याच्या कडेला पपईचं एक झाड. उन्हाळ्यात दुपारी पडवीत ओलं गोणपाट टांगलेलं असायचं. त्याच्यातून येणारा उजेड तपकिरी दिसायचा आणि आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं हळू चालायचं. आईचं सूप पाखडणं, बाजूच्या घरातल्या पाळण्याची कडी, लांब पांझरेच्या पात्रात कपडे आपटणाऱ्या बायका. मध्येच गिरणीचा भोंगा व्हायचा आणि सगळी गल्ली कूस बदलायची. आजही जळगावच्या माझ्या घरात दुपारी पडले की मला तो भोंगा ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "आई, तो कुकर आहे." असेल बाबा, तुझा कुकर.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते छापखान्यात जुळारी होते. म्हणजे शिशाची एकेक अक्षरं, ज्यांना ते खिळे म्हणत, खणातून उचलून ओळ जुळवायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे नानांना उलटं वाचण्याची इतकी सवय होती की आरशासमोर पेपर धरला तरी ते सरळ वाचून दाखवायचे. आम्हा भावंडांना ती जादूच वाटायची. अंगाला कायम रॉकेल आणि शाईचा वास, उजव्या हाताची दोन बोटं काळी. लग्नसराईत ते पहाटेपासून पत्रिका जुळवायचे. चोपड्याचे अमुक, एरंडोलचे तमुक, शिंदखेड्याचे देशमुख, कुठले पाटील, कुठले राजपूत. सगळ्यांची कुळं त्यांच्या बोटांखालून जायची. संध्याकाळी जेवताना ते आईला सांगायचे, "आज एका पत्रिकेत सात पिढ्यांची नावं होती. सात! दोन खण अपुरे पडले." हे सांगताना त्यांच्या आवाजात जे असायचं त्याला मी तेव्हा कौतुक समजत होते. ती भूक होती, हे मला फार उशिरा कळलं.

आणि आबा. नानांचे वडील, माझे आजोबा. नाव बारकू, पण माणूस चांगला उंचापुरा. उभी हयात गिरणीत काढून घरी बसलेले, तरी पहिल्या भोंग्याला उठून अंघोळ करून पडवीत तयार. ते अहिराणीच बोलायचे, तेही कमी. त्यांची एक गंमत होती. आईने नवीन काही रांधलं की आबा पहिला घास तोंडात धरायचे, डोळे मिटायचे आणि एखादा वार सांगायचे. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी असली की, "हाई ते सोमवारनं शे." कढी आणि वाफवलेल्या डाळीचे फुणके केले की, "मंगळवारनं." आम्ही पोरं खो खो हसायचो. "आबा, आज शनिवार!" आबाही हसायचे आणि पुढचा घास घ्यायचे. एकच पदार्थ होता, अगदी साधा. शिळ्या भाकरीचा कुस्करा, त्यावर लसूण-मिरचीची फोडणी आणि वरून कच्चं तेल. तो केला की आबा डोळे उघडायचेच नाहीत. "रविवार," म्हणायचे. तेवढंच. आईला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं जरा इकडे-तिकडे झालंय, आणि ती त्यांना आणखी वाढायची.

हे सगळं आत्ताच का आठवतंय, तेही सांगते. माझा नातू स्पेनमध्ये नोकरीला असतो. तिथलीच मुलगी त्याने केली, लुसिया. मागच्या हिवाळ्यात दोघं जळगावला आली होती. मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि ती माझ्याबरोबर बसून सोलायला शिकत होती, निम्मे दाणे पोटात जात होते. तिचं पूर्ण नाव मला एका दमात म्हणता येईना. पोरीचं नाव, मग बापाचं आडनाव, मग आईचं. तिकडे म्हणे सगळ्यांना दोन-दोन आडनावं, आणि लग्न झालं तरी बाई आपली दोन्ही सोडत नाही. मी म्हटलं, बघा! इथे मी लग्नानंतर एका दिवसात सोनवणे झाले आणि कुणी विचारलंसुद्धा नाही. मग तिने एकेक अर्थ सांगितला. मार्टिनेझ म्हणजे मार्टिनचा पोरगा, फर्नांडेझ म्हणजे फर्नांडोचा. कुणाचं नाव गावावरून पडलेलं, कुणाचं धंद्यावरून. एरेरो म्हणजे तर चक्क लोहार. मी म्हटलं, अगं, ही तर आमचीच तऱ्हा. मग मी तिच्या आईच्या आडनावाचा अर्थ विचारला. ते होतं एक्सपोसितो. ती शेंग सोलता सोलता म्हणाली, आणि नातवाने मराठीत सांगितलं, "बाहेर ठेवलेलं." जुन्या काळी देवळाच्या दाराशी सोडून दिलेल्या मुलांना हे आडनाव लावायचे. पुढे सरकारने बदलून घ्यायची मुभा दिली, पुष्कळांनी बदललं. हिच्या आईच्या घरात कुणी बदललं नाही. हे ती इतक्या सहज म्हणाली की माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. तिने मला विचारलं, "आणि तुमचं लग्नाआधीचं?" मी म्हटलं, थांब, ते असं बसल्या बसल्या सांगण्यासारखं नाही. लिहून काढते.

तर मॅट्रिकचं वर्ष. त्या वर्षी शाळेतून बोर्डाचा फॉर्म भरून जायचा, आणि त्यावर जे नाव जाईल ते जन्माचं. दाखल्यावर तेच, नोकरीत तेच, बदलायचं म्हटलं तर कोर्टकचेरी. नानांनी ठरवलं होतं की आपल्या पोरीच्या दाखल्यावर 'नैशे' येऊ द्यायचं नाही. मी घरातली मोठी आणि मॅट्रिकपर्यंत पोचलेली घरातली पहिली. "माझ्यापर्यंत हसले ते हसले," ते आईला म्हणाले. "हिच्या सर्टिफिकेटावर कुणी हसता कामा नये." ते शाळेत जाऊन मोठ्या बाईंना भेटून आले. बाई म्हणाल्या, घरातल्या वडीलधाऱ्यांनी सहीनिशी लिहून द्यावं, की आमचं मूळ आडनाव अमुक, नैशे हे लिहिणाऱ्याच्या चुकीने पडलं. मग मी रजिस्टरात दुरुस्ती करते. मात्र फॉर्म सोमवारी जाणार, त्यानंतर माझ्या हातात काही नाही. वडीलधारे म्हणजे आबा. हे सगळं आठवड्याच्या मध्यावर झालं. आबांना सही येत होती, आणि आबा आजवर नानांच्या शब्दाला कधी नाही म्हणाले नव्हते, म्हणून कुणाला काही अवघड वाटलं नाही.

मूळ आडनाव कुठलं, हे मात्र नानांनी आधीच शोधून ठेवलं होतं. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता त्यांनी स्वतःशी एक सिद्धांत मांडला होता. आपला मूळपुरुष कुणी नाहरसिंग. नाहर म्हणजे वाघ. राजस्थानातून लष्कराबरोबर तापीकाठी उतरला. नाहरसिंगचं झालं नाहरशे, नाहरशेचं बोलता बोलता नैशे. म्हणून खरं आडनाव नाहरे. त्यांनी हे नाव एका कोऱ्या कार्डावर छापूनसुद्धा आणलं होतं: कु. कमल रामदास नाहरे. मला ते कार्ड भारी आवडलं. मी ते भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं आणि दिवसातून दहा वेळा काढून बघितलं. छापखान्याचे शेठजी मारवाडी होते. ते म्हणाले, "रामदास, नाहर तर आमच्यात असतात. तू कधीपासून आमच्यात आलास?" नाना मनातून दुखावले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिरपूरकडे उतरलेल्या एका भाटाला निरोप धाडला. भाट म्हणजे वंशावळीच्या वह्या सांभाळणारा माणूस. घराघरांत फिरून कुळाची नावं वाचून दाखवणारा आणि नवी जन्मलेली नावं वहीत चढवणारा. नानांना वाटलं, वहीत एकदा नाव सापडलं की शेठजी काय आणि दुनिया काय, सगळ्यांची तोंडं बंद.

भाट आला तो रविवारी, दुपारच्या आधी. आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर हाताएवढी मोठी पोळी टाकताना तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, कपाळावर घाम. घरभर वेलदोडा आणि जळणाचा वास. भाटाचा पांढरा फेटा, कानात बाळ्या, मिशा पिकलेल्या. बोलणं हिंदीच्या वळणाचं. त्याने लाल फडक्यात बांधलेली लांबट वही पाटावर ठेवली, तिला कुंकू लावलं. गोणपाटाच्या तपकिरी उजेडात वहीची पानं फार जुनी, पाण्यातून काढल्यासारखी दिसत होती. मी आबांच्या शेजारी बसले होते. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. वाघ निघतो की नाही!

भाट वाचू लागला. वाचणं कसलं, ते गाणंच होतं. अमक्याचा तमका, तमक्याचा अमका, तीन मुलगे, एक निपुत्रिक, एक लढाईत, एकाने विहीर बांधली. मधूनच डुलकी लागावी अशी लय. नानांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मग भाट थांबला आणि आबांकडे वळून हात जोडून म्हणाला, "आबासाहेब, नाहरसिंगची तीन घरं या वहीत आहेत. तुमचं घर कुठल्या फांदीवर बसवायचं ते बघायला मला एक धागा पाहिजे. तुमच्या वडिलांचं नाव सांगा."

आबा म्हणाले, "नई शे."

भाटाला वाटलं, म्हातारा विसरला असेल. "बरं, आजोबांचं?"

"नई शे."

"गाव तरी?"

"गाव शे. बाप नई शे."

नाना ओशाळून हसले. "आबा, चेष्टा नको. ते लांबून आलेत."

"चेष्टा कसानी?" आबा म्हणाले. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मग हा कमी बोलणारा माणूस बोलू लागला. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही कधी ऐकलं नाही.

ते म्हणाले, प्लेगमध्ये गावं ओस पडली होती. लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहत होते. शिंदखेड्याच्या पलीकडच्या एका गावाच्या विहिरीपाशी एक तीन-चार वर्षांचं पोर बसलेलं सापडलं. कुणाचं, कुठलं, काही पत्ता नाही. नाव विचारलं तर त्याला सांगता येईना. लहान म्हणून बारकू म्हणायला लागले. साथ ओसरल्यावर गाव परत गावात आलं तेव्हा चावडीवर प्रश्न पडला, याला खाऊ कोणी घालायचं? मग वार लावून दिले. सोमवारी पाटलाच्या घरी, मंगळवारी तेल्याच्या, शुक्रवारी मारवाड्याच्या दुकानामागे, तिथे कांदा-लसूण नाही पण तुपाचा हात सैल. अशी सहा घरं. सातवं मिळेना. "रविवार कोनाच नई व्हता," आबा म्हणाले. रविवारी पोर उपाशी हिंडायचं. तेव्हा गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक बाई त्याला लांबून हाक मारायची आणि आपल्या ताटातलं द्यायची. शिळी भाकर, फोडणी, कच्चं तेल. चावडीला ते माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर उरलेली सहा घरंही बंद झाली असती. पोराला तेवढं कळत होतं, म्हणून पोर गप्प बसायला शिकलं. "ती मले आंडोर म्हने," आबा म्हणाले. आंडोर म्हणजे लेक. बाकी सहा घरांत कुणी तसं म्हणत नसे.

पुढे जाणता झाल्यावर तो पायी धुळ्याला आला, गिरणीच्या फाटकावर उभा राहिला. हजेरीपट मांडणारा कारकून घाटावरचा, त्याला आमची बोली येत नव्हती. "तो इचारे, नाव? मी सांगं, बारकू. तो इचारे, आडनाव? मी सांगं, नई शे. त्यानी लिखी लिधं." आबा जरा हसले. पहिल्या पगाराला अंगठा नको म्हणून दुसऱ्या एका कारकुनाने त्यांना ती अक्षरं गिरवायला शिकवली. मुकादमाने कामसू पोरगा बघून आपली मुलगी दिली, ती माझी आजी. जातीच्या रकान्यात सासऱ्याची जात लागली. आजीला सगळं ठाऊक होतं. ती ते बरोबर घेऊन गेली.

 आत पोळी करपत होती, त्याचा वास आला तरी ऐकायला बाहेर आलेली आई आत गेली नाही. इतकी वर्षं सगळा वर्ग ज्याला हसत होता ते आडनाव म्हणजे खरोखरच तेवढंच होतं. कुणीतरी विचारलं, आणि उत्तर 'नाही' होतं.  भाटाने वही मिटली. फडक्याची गाठ मारता मारता तो म्हणाला, "रामदासजी, मी लिहायला बसलो तर काहीही लिहू शकतो. पण सात घरांचा एक मुलगा लिहायची रीत या वहीत नाही." त्याने आबांना वाकून नमस्कार केला, पोळी खाल्ली, मागून घेतली आणि उन्हाचा निघून गेला. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

नानांचा चेहरा मात्र उतरून गेला होता. ते आबांच्या समोर उभे राहिले. "इतकी वर्षं? एकदा तरी सांगायचं होतं मला."

"तू कधी इचारंच नई," आबा म्हणाले. त्यात राग नव्हता. "तू सांगे, वाघ. मी म्हनं, पोऱ्याले वाघ पाहिजे शे, ते राहू दे."

नानांनी चपला घातल्या आणि ते नदीकडे चालू लागले. आईने मागून हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

दुपार कशी गेली ते मला नीट आठवत नाही. धाकटी भावंडं झोपली, आईने खापर घासायला घेतलं. मी भूगोलाचं पुस्तक छातीशी धरून बसले होते आणि ते उघडायची मला लाज वाटत होती. मग आबांनी मला जवळ बोलावलं आणि तो कागद मागितला, नानांनी लिहून ठेवलेला, ज्यावर सही हवी होती. तो उलटासुलटा बघून म्हणाले, "पोरी, तुले हासतस ना शाळामा?" मी मान हलवली. "मंग बदली टाकू. मना काय जास?" त्यांनी टाक घेतला, कागदावर धरला आणि थांबले. म्हणाले, "पन मले सही नैशेनीच येस. हाई नवं कसं लिखतस? शिकाड मले."

देवा! मी धाकट्याची पाटी आणली. सत्तरीला टेकलेला माझा आजा मांडी घालून बसला आणि मी त्याचा हात धरून त्याला 'ना' शिकवला, 'ह' शिकवला, 'रे' शिकवला. 'ना' आणि 'रे' जमले. 'ह' काही केल्या जमेना, त्याचं पोट सारखं डावीकडे जायचं. पुसायचे, पुन्हा काढायचे. जिभेचं टोक बाहेर आलेलं. ज्या एका शब्दावर त्यांची अख्खी हयात निभावली तो पुसून हे दुसरं काहीतरी ते माझ्यासाठी शिकत होते, आणि मी शिकवत होते. मला हुंदका आला. "हट, रडू नको," ते म्हणाले. "येई जाई. हातले वळण पडाले येळ लागस."

ऊन उतरलं तेव्हा नाना परतले. पायाला नदीची वाळू. ते पडवीच्या पायरीशी थबकले. आबांनी पाटी त्यांच्याकडे फिरवून धरली, शाळेतलं पोर धरतं तशी. "देख. आते आनं का बराबर?" पाटीवर चार ओळी होत्या. चारही ओळींत 'ह' उलटा होता. उलटी अक्षरं वाचण्यात ज्यांचा हात कुणी धरत नव्हतं ते नाना ती पाटी कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती हातात घेतली, कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली, आणि आत जाऊन आईला म्हणाले, "वाढ."  त्या संध्याकाळी कागदावर सही झाली की नाही, ते मला कळलं नाही. मी विचारायचं धाडस केलं नाही.

सोमवारी नाना माझ्याबरोबर शाळेत आले. निघताना आबांनी दारातून विचारलं, "मंग आते सही कोनती करानी, ते येवावर सांगज्यात." संध्याकाळी आपलं नाव काय असणार हे विचारायला लागणारा माणूस मी तेव्हापासून दुसरा पाहिला नाही. रस्ताभर नाना माझ्या पुढे दोन पावलं चालत होते. मोठ्या बाईंच्या खोलीत फॉर्मांचा गठ्ठा बांधून तयार होता, फक्त माझा वर काढून ठेवलेला. आडनावाचा रकाना कोरा.

"आणलात का कागद?" बाईंनी विचारलं.

"नाही," नाना म्हणाले.

"मग काय लिहायचं?"

नाना घराबाहेर कधी अहिराणी बोलत नसत. छापखान्यात नाही, कचेरीत नाही, शाळेत तर नाहीच. ते पुस्तकी बोलायचे, प्रत्येक अक्षर जुळवून बोलायचे. त्या दिवशी ते टेबलाच्या कडेला हात टेकून म्हणाले, "बाई, मना बापले एकदाव एक मानूसनी आडनाव इचारं व्हतं. त्यानी खरं सांगं. तेच लिखा."

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतायत गं हे?" मी सांगणार होते. त्याआधीच नानांनी फॉर्म आपल्याकडे ओढला आणि आपल्या हाताने रकान्यात लिहिलं. नैशे. मग सवयीने त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून ते तपासलं. माझ्या दाखल्यावर तेच आहे. टेलिफोन ऑफिसात मला नोकरी लागली ती त्याच नावावर, आणि तिथेही लोक हसले. हसू देत.

त्या दिवशी नाना कामावर गेले नाहीत. माझ्याबरोबर घरी आले. आबा पडवीत बसले होते, पाटी मांडीवर, पेन्सिल हातात, तयार. "कोनती?" त्यांनी विचारलं. नाना त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, इतके जवळ की दोघांचे गुडघे टेकले. त्यांनी आबांच्या हातातली पाटी आणि पेन्सिल स्वतःकडे घेतली, हाताने पाटी कोरी केली.

"आबा," ते म्हणाले, "ती रविवारनी माय. तिनं नाव काय व्हतं?"

 साठ वर्षं त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"भागा," आबा म्हणाले. "भागामाय."

नानांनी ते लिहून घेतलं.